आधी मात्रा, मग स्वर

१. वाजवले तर लिहून का देत नाही?

नोटेशनचे सॉफ्टवेअर घेतले, कीबोर्डही जोडला. मग मी गाणे वाजवले की ते समोर आपोआप लिहिले का जात नाही? एकेक स्वर हाताने भरत का बसायचे? अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास पडतो. मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, मुलगा ऑर्केस्ट्रात व्हायोलिन. दोघांच्याही डोळ्यांना पाच रेघांवरचे स्टाफ नोटेशन सरावाचे. घरात हार्मोनियम असते, तिच्यावर आई किंवा आजोबा भावगीत वाजवतात आणि त्यांची लिपी सा-रे-ग-म ची. गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात या सगळ्यांना एकत्र बसवायचे, तर कुणाला तरी त्या गाण्याचे कागद तयार करावे लागतात. हे काम अंगावर घेणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी वैतागतो. त्याला स्वर माहीत असतात; सॉफ्टवेअर मात्र स्वर सोडून भलतेच विचारत राहते. एका मेझरमध्ये किती ठोके? पहिला स्वर किती लांबीचा? सुरुवातीला अपुरे मेझर आहे का?

हे प्रश्न भलते नाहीत. नोटेशन म्हणजे आवाजाची नोंद, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच गल्लत होते. नोटेशन ही आवाजाबद्दल माणसाने केलेल्या निर्णयांची नोंद असते. सम कुठे आहे, हा स्वर एक मात्रेचा मानायचा की दोन मात्रांचा, मधला स्वर कोमल रे म्हणायचा की आणखी काही, हे सारे निर्णय आहेत. सॉफ्टवेअर त्यातले जे स्वतः घेऊ शकत नाही ते तुम्हाला विचारते. म्हणून माझे म्हणणे असे, की आधी तालाचा हिशेब ठरवून मग एकेक स्वर भरण्याची संथ रीत हीच बहुतेकांसाठी कमी कष्टाची आहे. ‘वाजवा आणि लिहून घ्या’ ही वाट जवळची दिसते. पण तिच्यावर वाचवलेला वेळ पुढे दुरुस्तीत जातो.

२. संगणकाच्या हाती नेमके काय येते

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरची पट्टी दाबली की संगणकाकडे एक छोटा संदेश जातो. त्या संदेशांची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथल्या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची, सिक्वेन्शियलची आणि रोलँडची, वाद्ये या भाषेतून एकमेकांशी जोडून दाखवली गेली, आणि तेव्हापासून आजतागायत ती जगभर चालते. तिच्यात प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. पियानोच्या मधोमध असलेल्या सी ला, म्हणजे आपल्या पांढरी एकला, ६० हा क्रमांक. ‘६० दाबली, इतक्या जोराने’ आणि थोड्या वेळाने ‘६० सोडली’, एवढेच पट्टी या भाषेत सांगते. या दोन संदेशांच्या मधला वेळ संगणक मोजतो. मात्रा, सम, मेझर यांपैकी काहीही पट्टीकडून येत नाही.

एक हिशेब करून पाहू. कुणी चार स्वर वाजवले आणि त्यांच्या लांब्या आल्या ९८०, ५१०, ४७० आणि १०४० मिलिसेकंद. माणूस ऐकताक्षणी म्हणेल: एक, अर्धा, अर्धा, एक. पण हे ‘एक’ कशाचे? लय मिनिटाला ६० मात्रांची असेल तर एक मात्रा बरोबर एक सेकंदाची, आणि हे स्वर झाले क्वार्टर नोट, दोन एट्थ नोट, पुन्हा क्वार्टर नोट. एकूण तीन मात्रा. लय १२० ची असेल तर तेच स्वर होतात हाफ नोट, दोन क्वार्टर नोट, हाफ नोट. एकूण सहा मात्रा. आवाज तोच, कागद दोन. दोन्ही बरोबर आहेत आणि यांतला कोणता हवा हे त्या चार आकड्यांतून कळण्याची सोय नाही. मग संगणक काय करतो? तुम्ही दिलेल्या किंवा त्याने गृहीत धरलेल्या लयीची जाळी पसरतो आणि प्रत्येक स्वर जवळच्या खुणेवर सरकवतो. वाजवणाऱ्याची लय गाताना थोडी सैलावली, आणि ती सैलावतेच, की खुणा चुकू लागतात. एका सेकंदाच्या मात्रेत दोन स्वर ७०० आणि ३०० मिलिसेकंदांचे आले, तर ते दादऱ्याच्या झोक्यातले दोनास एक आहेत की तीनास एक? दोनास एक असते तर ६६७ आणि ३३३ यायला हवे होते, तीनास एक असते तर ७५० आणि २५०. सातशे हा आकडा मध्येच कुठेतरी आहे. जाळी त्याला जवळच्या ६६७ वर नेऊन बसवते. गाणाऱ्याच्या मनात दुसरेच असू शकते.

स्वरांच्या नावाचेही तसेच. पांढरी एक सा धरला तर ६१ क्रमांकाची पट्टी म्हणजे कोमल रे. स्टाफ नोटेशनमध्ये तो डी फ्लॅट लिहायला हवा. पण त्याच पट्टीला सी शार्पही म्हणतात. भैरव वाजवल्यावर कागदावर सी शार्प उमटला, तर वाचणाऱ्याला दोन ‘सा’ दिसतात, एक साधा आणि एक चढवलेला, आणि रे नावाचा स्वर रागात उरतच नाही. क्लॅरिनेटवाली मुलगी ते वाजवेल बरोबर, पण समजेल चूक. तोडीत तर रे, ग, ध कोमल आणि म तीव्र. म्हणजे फ्लॅट आणि शार्प एकाच ओळीत हवेत. पाश्चात्त्य मेजर-मायनर गाण्यांना धरून केलेला अंदाज इथे सहज घसरतो. अक्षर दाबून स्वर भरला तर हा प्रश्नच येत नाही: डी दाबून त्याला फ्लॅट केले की तो रे च राहतो.

३. मेझर कधीच रिकामे नसते

अमेरिकेत ज्याला मेझर आणि पुण्या-मुंबईच्या गिटार क्लासात बार म्हणतात, ते म्हणजे दोन उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा तुकडा. नवी फाइल उघडली की फिनाले, सिबेलियस किंवा म्यूझस्कोर या कार्यक्रमांत ओळीने मेझर दिसतात आणि प्रत्येकात विरामाचे एक चिन्ह असते. नवख्याला वाटते की हे रिकामे आहे. प्रत्यक्षात ते शांततेने काठोकाठ भरलेले असते. चार मात्रांच्या मेझरमध्ये एक क्वार्टर नोट घातली की चारातली एक मात्रा स्वराला जाते आणि उरलेल्या तिनांवर विराम राहतो. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक पानाची बेरीज जुळलीच पाहिजे, तशी प्रत्येक मेझरची बेरीज सॉफ्टवेअर सतत जुळवत असते. एखादा स्वर मेझरच्या शेवटी मावत नसेल, तर ते त्याचे दोन तुकडे करून रेघेच्या अलीकडे-पलीकडे ठेवते आणि कमानीने जोडते. कान एकच लांब स्वर ऐकतो.

हे लक्षात घेतले की नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार सुटते: ‘मी एक स्वर लांबवला आणि पुढचा गायबच झाला!’ गायब होणारच. बेरीज ठरलेली असताना एकाला मात्रा वाढवून दिली, तर ती शेजाऱ्याकडूनच घ्यावी लागते. हे टाळायला ‘घुसवा’ अशा अर्थाची वेगळी सोय असते, पण तिचे वागणे सगळीकडे सारखे नाही. म्यूझस्कोरमध्ये घुसवलेल्या स्वरामुळे ते एक मेझरच लांब होते आणि त्याच्यावर अधिकची लहानशी खूण दिसते. डोरिको या आणखी एका नोटेशन-कार्यक्रमात मात्र पुढचे सारे स्वर पुढे ढकलले जातात आणि उभ्या रेघा आपल्या जागी राहतात. कारण डोरिकोत स्वर हा मेझरच्या आत राहतो असे मानलेलेच नाही. स्वरांचा एक सलग प्रवाह असतो आणि उभ्या रेघा त्याला वरून छेदतात. मात्रांची विभागणी न ठरवताही तिथे लिहिता येते. मुक्त आलाप लिहू पाहणाऱ्याला हे सोयीचे आहे. बंदिश लिहिणाऱ्याला मात्र बेरीज जुळवणारे, चुकले की आडवे येणारे सॉफ्टवेअर जास्त उपयोगी, असे माझे मत.

या सगळ्या कार्यक्रमांत भरण्याची रीत साधारण एकच आहे: आधी लांबी निवडा, मग स्वर. लांबीसाठी आकडा, स्वरासाठी अक्षर. दुर्दैवाने आकड्यांवर एकमत नाही. क्वार्टर नोटला फिनाले आणि म्यूझस्कोरमध्ये ५, सिबेलियसमध्ये ४ आणि डोरिकोत ६. एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाणाऱ्याची बोटे महिनाभर तरी चुकत राहतात.

४. साठ वर्षांत कुणाकुणाला सुटले?

‘तंत्र पुढे गेले की हे सगळे आपोआप होईल’ हा आक्षेप नवा नाही, आणि त्याला इतिहासच उत्तर देतो. तो इतिहास बराचसा अमेरिकेतच घडला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टीफन बावर-मेंगेलबर्ग यांनी डार्म्स नावाची संकेतलिपी रचली. तिच्यात स्वराचे नाव नसे, कागदावरची जागा असे: खालची रेघ २१, तिच्यावरची मोकळी जागा २२, असे करत वरची रेघ २९. भरणाऱ्याला स्वर ओळखण्याची गरज नव्हती. ठिपका कितव्या रेघेवर आहे एवढे दिसले की पुरे. पण त्यासाठी कुणीतरी आधीच लिहिलेला कागद समोर लागे, म्हणजे सगळे निर्णय झालेले असत. स्टॅनफर्डमध्ये संगीतकार लीलंड स्मिथ यांनी स्कोर हा कार्यक्रम केला. त्यांची युक्ती वेगळी: एकाच ओळीवरून अनेक फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत स्वर आणि मेझरच्या उभ्या रेघा, दुसरीत लांब्या, मग आघातांच्या खुणा, मग जोडदांड्या, मग कमानी. एका वेळी एकाच जातीचा निर्णय घ्यायचा. बोटांना आणि डोक्याला दोन्ही कामे एकदम लावायची नाहीत.

सर्वांत बोलका प्रयोग झाला तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत, झेरॉक्सच्या प्रसिद्ध संशोधनकेंद्रात, १९८० च्या सुमारास. जॉन मॅक्सवेल आणि सेव्हेरो ऑर्नस्टीन यांनी मॉकिंगबर्ड नावाचा कार्यक्रम बनवला. ऑर्नस्टीन हे संगीतकार लिओ ऑर्नस्टीन यांचे चिरंजीव, शिवाय इंटरनेटच्या पूर्वजाच्या, आर्पानेटच्या उभारणीत काम केलेले अभियंते. म्हणजे संगीत आणि यंत्र दोन्हींची जाण असलेला माणूस. त्यांच्या कार्यक्रमात पियानो वाजवला की पडद्यावर बिनदांड्यांचे काळे ठिपके उमटत, वेळेच्या अंतराने पसरलेले. बस, एवढेच. उभ्या रेघा कुठे मारायच्या, दांड्या कशा जोडायच्या, हे संगीतकाराने माउसने सांगायचे. त्या काळची उत्तमातली उत्तम यंत्रे हाताशी असलेल्या या दोघांनी निर्णय माणसाकडे ठेवले.

१९८८ मध्ये मिनेसोटातल्या कोडा कंपनीने फिल फॅरंड यांनी लिहिलेले फिनाले बाजारात आणले. त्यात वाजवता वाजवता लिहून घेण्याची सोय होती, पण तिची अट पाहा: वाजवताना पायाने पेडल दाबून प्रत्येक ठोका यंत्राला द्यायचा. आणि त्याच फिनालेत दुसरी रीत होती: एका हाताने कीबोर्डवर स्वर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने लांबीचा आकडा दाबायचा. लय राखण्याची गरजच नाही. हवा तेवढा विचार करा. पहिल्या रीतीत निर्णय वाजवण्याच्या वेगाने घ्यावे लागतात, दुसरीत आपल्या सवडीने.

‘पण आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली ना?’ आली, आणि तिने खरोखर मोठी मजल मारली आहे. गूगलच्या मॅजेंटा या संशोधनगटाने २०१८ मध्ये मांडलेली पद्धत पियानोच्या ध्वनिमुद्रणातून कोणती पट्टी केव्हा दाबली आणि केव्हा सुटली हे चांगले ओळखते. पण तिच्यातून हाती येते ते मिडी. म्हणजे आपण दुसऱ्या विभागात जिथे होतो तिथेच येऊन पोहोचतो. पुढचे अंदाज सुधारत जातील यात शंका नाही. तरीही अंदाज बरोबर की चूक हे ठरवायला सम कुठे आहे ते माहीत असलेला माणूस लागेल, आणि त्या माणसाला तीन मिनिटांचे भावगीत भरायला फार वेळ लागत नाही. ध्रुवपद एकदा भरले की पुढे त्याची नक्कलच करायची असते.

५. झपतालाचे एक आवर्तन

आता प्रत्यक्ष भरून पाहू. भूपाच्या स्वरांतली एक साधी ओळ घेऊ, दहा मात्रांच्या झपतालात, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांची:

सा रे | ग ऽ प | ध प | ग रे सा

पहिला निर्णय मेझरचा. प्रत्येक विभागाला वेगळे मेझर दिले तर दोन आणि तीन मात्रांची मेझर आलटून पालटून येतील, कागदावर मापाच्या आकड्यांची गर्दी होईल आणि सम इतर विभागांसारखीच दिसेल. त्यापेक्षा एक आवर्तन म्हणजे एक मेझर धरावे: माप दहास चार, म्हणजे दहा क्वार्टर नोट. विभाग दाखवायला आत तुटक उभ्या रेघा घालता येतात. मग प्रत्येक पूर्ण उभ्या रेघेनंतर सम येते, आणि वाचणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. पांढरी एक सा धरून म्यूझस्कोरमध्ये भरायचे तर: एन दाबून भरणे सुरू करा, ५ दाबा, मग सी, डी, ग दोन मात्रांचा आहे म्हणून ६ दाबून ई, पुन्हा ५ दाबून जी, ए, जी, ई, डी, सी. बेरीज दहा, मेझर भरले.

समजा मधला ६ दाबायचा राहिला. ग एकच मात्रेचा झाला, प चौथ्या मात्रेवर आला, सगळे एकेक मात्रा अलीकडे सरकले आणि दहाव्या मात्रेवर विराम शिल्लक राहिला. चूक तिथल्या तिथे दिसते. न पाहता तसेच पुढे भरत गेलात तर पुढच्या समेचा सा दहाव्या मात्रेत जाऊन बसेल. हीच ओळ साध्या लेखनाच्या कार्यक्रमात देवनागरीत टंकली असती तर यंत्राने हूं की चूं केले नसते, कारण त्याच्या लेखी ती अक्षरे आहेत. त्याला मात्रा मोजता येत नाहीत, सा बदलता येत नाही, वाजवून दाखवता येत नाही. (तार सप्तकाचा सा लिहिताना वर दिलेले टिंब तर त्याला अनुस्वारच वाटते.) घरगुती वहीसाठी देवनागरी टंकन उत्तम, चार वाद्यांना एकत्र वाजवायचे असेल तर अपुरे.

तीनतालाला सोळा मात्रांचे एक मेझर केले तर ओळ फार लांबते. तिथे चार मात्रांची चार मेझर करावीत आणि दर चारांनंतर ओळ मोडावी, म्हणजे एक ओळ एक आवर्तन. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलतात. मग मुखड्याची पहिली दोन मेझर क्रमांकातून वगळायची. मेझरच्या गुणधर्मांत तशी सोय असते. मुखडा वगळला की सम पहिल्या मेझरवर येते, त्यानंतर पाचव्या, नवव्या, तेराव्या. विलंबित एकतालात हा हिशेब चालत नाही. तिथे एका मात्रेत इतके स्वर येतात की क्वार्टर नोटची मात्रा धरली तर कागद शेपट्यांनी काळा होतो. अशा वेळी एका मात्रेचे चार भाग धरून प्रत्येक मात्रेला चार ठोक्यांचे स्वतंत्र मेझर द्यावे, आणि आवर्तनाला बारा मेझर.

राहिला सा. समजा, गाणारी काळी दोनमध्ये गाते. तरीही आधी पांढरी एकमध्ये भरून घ्यावे, चुका सुधाराव्यात आणि मग सगळे एकदम वर सरकवावे. सरकवताना सॉफ्टवेअर विचारेल: डी शार्प की ई फ्लॅट? पट्टी एकच, पण बिलावलच्या सप्तकाला ई फ्लॅटमध्ये तीन फ्लॅट लागतात आणि डी शार्पमध्ये हिशेबाने नऊ शार्प. ई फ्लॅट घ्या. क्लॅरिनेटसाठी मात्र तेच स्वर एक पूर्ण स्वर वर लिहावे लागतात, कारण शाळेतल्या नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सी वाचून वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. आल्टो सॅक्सोफोनचे अंतर आणखी वेगळे. हे गणित हाताने करू नका. ओळीला योग्य वाद्याचे नाव दिले की सॉफ्टवेअर ते स्वतः करते. इथे निर्णय नाही, नुसती आकडेमोड आहे, आणि आकडेमोड यंत्राला दिलेलीच बरी.

६. ‘पण आपले संगीत यात मावतच नाही’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मींड, आंदोलन, कणस्वर, श्रुती हे पाच रेघांवर कुठे लिहायचे? भीमपलासचा कोमल नी आणि कीबोर्डवरची पट्टी एक कशी? खरे आहे, मावत नाही. पण ते भातखंड्यांच्या लिपीतही पूर्ण मावत नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांकडून बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या, कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, मींडेला वरून कमान. ती कमान कोठून कोठे जायचे ते सांगते, कसे जायचे ते सांगत नाही. मधली वळणे प्रत्यक्ष पाहायची असतील तर मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी केलेले ऑट्रिमचे आलेख पाहावेत. त्यांत गायकाचा स्वर रेघेसारखा वर-खाली वाहताना दिसतो. तो आलेख गाण्याच्या जास्त जवळ आहे. पण त्याच्यावरून दहा मुलांचा मेळ वाजवता येणार नाही. लिहिलेली बंदिश आठवणीला आधार म्हणून असते; उरलेले शिक्षकाच्या तोंडून यायचे. स्टाफ नोटेशनकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवली तर भांडण राहत नाही.

उलट मात्रेच्या बाबतीत भातखंडे आणि ही सॉफ्टवेअरे एकमेकांच्या फार जवळ आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या खाली त्याची कालखूण असते. स्वर आपली लांबी स्वतःबरोबर घेऊन फिरतो. भातखंडे लिपीत आधी तालाचे खण पडतात, समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे, आणि मग प्रत्येक मात्रेच्या जागी स्वर बसतात. दोन किंवा चार बसले तर त्यांच्या खाली चंद्रकोरीसारखी कमान. चार स्वरांखाली एक कमान म्हणजे प्रत्येक पाव मात्रेचा, वेगळे सांगावे लागत नाही. म्हणजे ज्याने भातखंडे लिपीत एकदा तरी बंदिश उतरवली आहे, त्याने ‘आधी मेझर, मग स्वर’ हे काम केलेलेच आहे. अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये पराग चोर्डिया यांनी २००७ मध्ये हम्ड्रम या अमेरिकेत रूढ असलेल्या संशोधन-पद्धतीत भातखंडे लिपीतल्या बंदिशी आणि गती भरण्याची रीत मांडली, तीही याच जवळिकीमुळे शक्य झाली. हम्ड्रममध्ये प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक क्षण, आणि उभे स्तंभ म्हणजे त्या क्षणी चाललेल्या गोष्टी. खणांतली बंदिश त्यात फारशी ओढाताण न करता बसते.

७. फाइल कुणाच्या भरवशावर ठेवायची?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनालेची मालक कंपनी मेकम्यूझिकने जाहीर केले की फिनालेचा विकास थांबवला आहे. १९८८ पासून शाळा, चर्च, ब्रॉडवे आणि प्रकाशनसंस्था ज्यावर काम करत होत्या तो कार्यक्रम एका निवेदनाने इतिहासजमा झाला. ज्यांच्या बंदिशी फक्त फिनालेच्या फाइलींत होत्या त्यांची धावपळ उडाली. ज्यांनी म्यूझिक-एक्सएमएलच्या प्रती ठेवल्या होत्या त्यांची फारशी नाही. हा सामाईक फाइलप्रकार कॅलिफोर्नियातल्या मायकेल गुड यांच्या रिकॉर्डारे कंपनीने तयार केला, २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि २०१५ पासून तो डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेतल्या गटाकडे आहे. तो आतून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक स्वर मेझरच्या आतच लिहावा लागतो. स्वराचे अक्षर वेगळे आणि चढ-उतार वेगळा, म्हणून कोमल रे हा ‘डी, उणे एक’ असा राहतो, त्याचा सी शार्प होत नाही. वाजायची लांबी वेगळी आणि लिहायचे चिन्ह वेगळे. मिडीत जे निर्णय हरवतात ते सगळे इथे टिकतात. फक्त पानावरची मांडणी, तुटक रेघा, मींडेच्या कमानी हे दुसऱ्या कार्यक्रमात गेल्यावर थोडेफार हलते, म्हणून एकदा तपासून घ्यावे लागते.

तेव्हा गाणे भरून झाले की तीन प्रती ठेवा: कार्यक्रमाची स्वतःची फाइल, म्यूझिक-एक्सएमएल आणि छापायची पीडीएफ. आणि पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, सा कुठला धरला आहे, ताल कोणता आणि सम कोणत्या मेझरवर येते हे मराठीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअर हे विचारत नाही.